उलटे फेरे

आमच्या घरात माझ्याशी सरळ बोलणारं कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही तशी हौस नव्हती. फौजेच्या सिग्नलमधून सुटून मी सुलतानपूरला परत आलो त्याला दोन वर्षं झाली होती. साल पंचाहत्तर. थोरला भाऊ उकंडराव शेती बघायचा, वडील पुंजाजी अर्धांगवायूनं ओसरीवरच्या बाजेवर पडून असायचे आणि मी लोकांचे रेडिओ दुरुस्त करायचो.

भांडण मायवरून होतं. एकाहत्तरच्या लढाईत मी सरहद्दीवर बिनतारी यंत्रावर बसलो होतो आणि इकडे माय गेली. मला तार मिळाली तोवर तेरवी उरकली होती. बापाचं क्रियाकर्म थोरल्यानं करायचं, मायचं धाकट्यानं, ही आमची रीत. माझ्या जागी दादानं खांद्यावर मडकं घेऊन चितेभोवती तीन उलटे फेरे घेतले. तेव्हापासून बाबांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

अशा घराच्या अंगणात मी अँटेना बांधायला घेतला. हौशी रेडिओवाल्यांनी बनवलेला एक छोटा उपग्रह आभाळात फिरत होता आणि सकाळी नऊच्या सुमारास आमच्या गावावरून जायचा. लायसन माझ्याकडे होतं, रिसीव्हर मी हातानं बनवला होता. तो उपग्रह आपल्या अंगणात ऐकायचा, एवढंच मला हवं होतं. घरात दुसरं काही माझं म्हणावं असं नव्हतंच.

दादा बैल सोडता सोडता म्हणाला, "मायची हाक याले आयकू आली नाही, आता आभाळातली आयकते."

मी आठ फुटी वेळू रोवला, त्यात हात-हातभर आडव्या काटक्या ठोकल्या, बुडाशी कोंबड्यांची जाळी बसवली. चिखलीहून आणलेली तांब्याची जाड तार जाळीपाशी जोडली आणि वेळूभोवती चालत, एकेका काटकीवर टेकवत वर नेली. सहा वेढे. रेडिओच्या मासिकातलं अँटेनाचं चित्र जोत्यावर दगडाखाली ठेवलं होतं.

चांगुणावयनी दळण निवडत होती. चित्राकडे बघून म्हणाली, "भाऊजी, यातले वेढे दुसऱ्या अंगाले जाऊन राह्यले."

"तुमी गहू निवडा," मी म्हणालो. तिनं सूप पुढं ओढलं.

रविवारी शाळेचे मास्तर आले, शेजारचे रंगराव आले. उपग्रह येण्याची वेळ मी काढून ठेवली होती. पाव तास रिसीव्हरमधून नुसती खरखर आली. उपग्रह आला आणि गेला. रंगराव हसले, मास्तर माझ्याकडे न बघता चपला शोधायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादा म्हणाला, "उद्या दुपारपर्यंत ही काठी निघाली पाह्यजे. नाही तं मी उपटून गोठ्यात टाकतो."

सगळे गेल्यावर मी चित्र पुन्हा घेतलं आणि शेजारी एक स्क्रू धरला. चित्रातले वेढे स्क्रूच्या आट्यांसारखेच चढत होते. माझे बरोब्बर उलटे. त्या उपग्रहाची लहर उजवा पीळ घेऊन येते. डाव्या पिळाच्या अँटेनाला ती जवळजवळ लागतच नाही. आणि माझा पीळ डावा का झाला, हेही समजलं. वेळू उजव्या हाताला ठेवून मी चाललो होतो, देवळात चालतो तसा. देव न मानणारा मी, पण पायांनी प्रदक्षिणाच घातली होती.

मी दादाला सांगितलं. तो म्हणाला, "मंग उलटी करून ठेव काठी."

"स्क्रू डोक्यावर उभा केला तरी आटे तेच राह्यतात, दादा." मी तार सोडवली, खालचं टोक पुन्हा जोडलं आणि वेळू डाव्या हाताला घेऊन पहिलं पाऊल टाकलं.

दादानं माझं मनगट धरलं. "उलटा फेरा? बाप जिता हाये अंगणात. मायच्या वक्ताले आला नाही, आता बापाचे आधीच घेतं काय बे?"

त्याच्या तोंडात मारावीशी वाटली मला. हात उचललाही होता.

"घेऊ दे त्याले," बाजेवरून आवाज आला. चार वर्षांत बाबा पहिल्यांदा माझ्याबद्दल बोलले होते. तोंड एका बाजूला ओढलेलं, शब्द जड. "मायचे याचेच होते. माह्या डोळ्यादेखत घे बे."

दादानं हात सोडला. मी चालायला लागलो.

"एक," बाबा म्हणाले.

मी तार काटकीवर दाबली आणि पुढं सरकलो. डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाही मला रागच येत होता.

"दोन." वयनीनं सूप खाली ठेवलं.

"तीन. मायचे झाले." ते थांबले, दम घेतला. "पुढचे तुह्या काठीचे." आणि त्यांनी मान भिंतीकडे वळवली. उरलेले तीन वेढे मी स्टुलावर चढत-उतरत घेतले. ते कोणी मोजले नाहीत.

सोमवारी नऊ वाजून गेल्यावर खरखरीतून बारीक, स्वच्छ टिटि-टिटि आली. वाढत गेली, मग मंदावली. दादा दारात बैलाची दोरी हातात घेऊन शेवटपर्यंत उभा होता. दुपार झाली तरी त्यानं काठीला हात लावला नाही. बाबा एवढंच म्हणाले, "आता बंद कर ते."

संध्याकाळी वयनी अंगण झाडत वेळूपाशी थांबली. पायथ्यापासून शेंड्यापर्यंत तिनं तारेवरून नजर फिरवली. तिच्या आवाजात मला पकडल्याचा आनंद होता.

"भाऊजी, तार वरून खाली आणली असती तं सीधे फेरे घेऊनबी अशीच बसली असती."

"हो."

"मंग उलटे काऊन घेतले? तुमाले समजलं नाही?"

समजलं होतं, पहिल्याच फेऱ्यात. पण तोवर बाबांनी मोजायला सुरुवात केली होती.