शुक्रवारचं गलबत

नारपोलीत हमिदाबीच्या घराखालीच कापडाचे लूम होते, त्यामुळे त्या घरात हळू बोलायची कुणाला सवय नव्हती. खालचा खडखडाट वर चढायचा, त्याच्यावर यांचा आवाज चढायचा. साधं मीठ मागितलं तरी परक्याला भांडण लागलंय असं वाटावं. शुक्रवारी लूम बंद असत, पण गळ्याला कुठली आलीय सुट्टी!

त्या शुक्रवारी माजिदाला बघायला कल्याणहून पाहुणे यायचे होते. पोर नुकतीच दहावी झालेली. तिला सायन्सला जायचं होतं, पुढं इंजिनांचं शिकायचं होतं. "अम्मी, एवढ्यात नको," असं तिनं आठवडाभर सांगून पाहिलं. पण पोरीच्या डोक्यावर बाप नाही, आणि स्थळ चालून आलेलं. हमिदाबीनं कानावर घेतलं नाही. हे खूळ कुठून शिरलं तेही तिला ठाऊक होतं: वाचनालयातून आणलेली एक जाडजूड कादंबरी, 'वाफेचं गलबत'. ती तिनं सकाळीच काढून घेतली होती.

दुपारची नमाज झाली, सांदणं चुलीवर चढली, हाताला काम उरलं नाही. पोर काय कचरा वाचते ते बघू तरी, म्हणून तिनं पुस्तक उघडलं. वर 'कुमारांसाठी' असं छापलेलं. म्हणजे बाष्कळपणा, हे तिनं आधीच ठरवून टाकलं.

पहिल्याच पानावर इंग्रज हिंदुस्थानात आलेलेच नव्हते. "झूट!" म्हणत तिनं पान उलटलं. कोकणातल्या लोहारांनी वाफेची इंजिनं घडवली होती, गलबतं आभाळातून चालत होती, आणि इथलं कापड विलायतेला जात होतं. थापाच सगळ्या. पण लिहिणाऱ्याला माग माहीत होता. धोटा अडकायच्या आधी मागाचा आवाज कसा बदलतो, तुटलेला धागा न बघता बोटांनी कसा शोधतात, सगळं बरोबर लिहिलं होतं. हमिदाबी मांडी घालून बसली ती बसलीच. तिला मनापासून आवडत होतं, आणि त्याचा थोडा रागही येत होता.

कथेतली राही गलबताच्या इंजिनावर होती. तुफान तोंडावर आलेलं, आणि नेमका तेव्हाच मामा तिला लग्नासाठी उतरवून न्यायला आला. राही मुकाट उठून निघाली.

"अगं ए बये!" हमिदाबी कडाडली. "लग्न कुठं पळून चाललंय? आधी इंजिन शीक! त्या मामाला लाव वाटेला!"

लूम बंद होते. शब्द न् शब्द जिन्यात ऐकू गेला, आणि जिन्यात कल्याणचे पाहुणे होते.

मुलाची आई कुबराबी नकाब मागे सारत वर आली. आतल्या दारात चहाचा ट्रे घेऊन माजिदा उभी होती, रडून डोळे सुजलेली.

"क्या हमिदाबी," कुबराबी म्हणाली, "कुणाला सांगत होता एवढं?"

पुस्तक हमिदाबीच्या मांडीवर होतं. ते नुसतं दाखवलं असतं तरी सगळे हसले असते, आणि संध्याकाळच्या आत तारीख ठरली असती. पुस्तकातली राही अजून गलबताच्या शिडीपर्यंत पोचली नव्हती. हमिदाबीनं माजिदाकडे पाहिलं.

"हिलाच," ती म्हणाली. "बसा, सांदणं गरम आहेत."