आचार्य आग्नेल

वसईचा आग्नेल तुस्कानो सहा वर्षे स्वित्झर्लंडमधल्या एका शॅलेत आचारी होता. शॅले म्हणजे बर्फाळ डोंगरावरचे लाकडी घर. कुटुंबे तिथे आठवडाभर स्कीइंगला येतात आणि त्यांचे सगळे खाणेपिणे आचारी बघतो. हे त्याने घरी प्रत्येक पत्रात लिहिले होते. त्याचे वडील थॉमस मास्तर निवृत्त मुख्याध्यापक. त्यांनी प्रत्येक पत्रात लाल पेन्सिलीने ‘शॅलेत’चे ‘शाळेत’ केले, ‘आचारी’चे ‘आचार्य’ केले, आणि मुलाचे शुद्धलेखन अजून कच्चेच आहे, असे पत्नी थेरेसाला सांगितले.

मे १९८२मध्ये आग्नेल रजेवर आला, तेव्हा आचार्य आग्नेल यांचा सत्कार चर्चमधल्या रविवारच्या मिस्सानंतर ठरलेला होता. आपण स्वयंपाक करतो, असे त्याने वडिलांना दोनदा सांगितले. नम्रता चांगली, पण ती भाषणात नको, असे मास्तर म्हणाले.

सांगून कळत नव्हते. वडिलांनी आपले काम एकदा तरी बघावे, म्हणून शनिवारी आग्नेल आईवडिलांना जूचंद्रच्या मिठागरात घेऊन गेला. राखणदाराची झोपडी शॅले ठरली, पंधरा फुटी मिठाची रास डोंगर. एका पाहुण्याने मागे टाकलेल्या स्कीच्या फळ्या त्याने येताना आणल्याच होत्या. नियमही तिथलेच: पाहुण्यांनी चुलीकडे यायचे नाही, ताट उचलायचे नाही. थेरेसा दोनदा चुलीपर्यंत पोचली आणि दोनदा तिला परत नेऊन बसवण्यात आले. सूप झाले, भाजलेला जिताडा मासा झाला, वाळूवर भाजलेला केक झाला. मास्तर पोटभर जेवले. त्या शाळेत गृहविज्ञानही चांगले शिकवत असावेत, एवढेच म्हणाले.

मग स्कीइंग. ते पाहुण्यांनी करायचे असते, आचाऱ्याने नाही. म्हणून अडुसष्ट वर्षांचे मास्तर बूट घालून उठले. मिठागराची मुकादम शकू आडवी आली.

“राशीवर पायतान चालनार नाय.”

या फळ्या आहेत, पायताण नव्हे, असे आग्नेलने समजावले. शकूने फळ्या उलटसुलट करून पाहिल्या आणि निर्णय दिला: फळ्या चालतील, बूट नाही. तेव्हा सुंभाने अनवाणी पायांना फळ्या बांधल्या गेल्या. टाचांच्या भेगांत मीठ गेले तरी मास्तर तसेच राशीच्या माथ्यावर चढले. तीन सेकंद ते अगदी बरोबर घसरले आणि खाली कमरेइतक्या खाऱ्या पाण्यात जाऊन बसले.

पडलेल्या पाहुण्याला मिनिटभरात गरम सूप मिळाले पाहिजे, असाही नियम होता. आग्नेल विजारीसकट पाण्यात उतरला; एका हातात ट्रे, दुसऱ्या खांद्यावर टॉवेल.

“मास्तर, ह्यो तुमचा कोन?” शकूने काठावरून विचारले.

मास्तरांनी पाण्यात बसूनच सूप संपवले. वाटी ट्रेमध्ये ठेवायला हात पुढे केला, मग नियम आठवून तशीच धरून ठेवली.

“माझा मुलगा,” ते म्हणाले. “स्वित्झर्लंडला आचारी आहे.”

रविवारी चर्चच्या फलकावरच्या सत्काराच्या सूचनेत लाल पेन्सिलीने एकच दुरुस्ती केलेली होती. सत्कार झाला, भाषणाऐवजी दीडशे माणसांना सूप मिळाले. थेरेसा कांदे चिरायला उठली होती. मास्तरांनी तिला नियम सांगितला आणि पहिल्या रांगेत नेऊन बसवले.