फुकटची भिंत

रुचिराला वाढवलं नंदकुमार मामाने, घाटकोपरच्या टेकडीवर. इंजिनियरही त्यानेच केलं. म्हणून टेकडी धरून ठेवायच्या भिंतीचं काम तिच्याकडे आलं तेव्हा तो गल्लीभर सांगत सुटला.

या भिंतीत थराथराने माती भरायची, प्रत्येक थरात जाळी अंथरायची आणि जाळीचं शेपूट मागे टेकडीच्या पोटात न्यायचं. शेपूट जितकं लांब, तितकी खालची वस्ती सुरक्षित. गोची एवढीच, की त्यासाठी टेकडी आधी खणावी लागते, आणि वर माणसं राहतात.

मातीची ताकद सरासरी धरली तर शेपूट मामाच्या मोरीच्या अलीकडेच संपत होतं. पण माती काही सरासरीने येत नाही. एक डंपर मुरमाचा, दुसरा चिखलाचा. तो फरक हिशेबात धरला की भिंत ढासळण्याची शक्यता नको तितकी वाढायची. ती खाली आणायची तर जाळी आणखी मागे न्यायला हवी. म्हणजे मामाची मोरी, चूल, देव्हारा, सगळंच गेलं.

तिने त्याला हे समजावलं.

"म्हणजे बाय, भिंत कदाचित पडतली," तो म्हणाला, "आणि माझा घर नक्की मोडतला. होय मां?"

मामी आतून म्हणाली, शिकवलं ते ह्याच्यासाठीच.

रुचिराने सरासरी धरली आणि सही ठोकली. साहेबांनी काही विचारलं नाही. कमी खोदाई कुणाला नको असते?

भिंत झाली. मामाने सत्यनारायण घातला. प्रसाद घेऊन रुचिरा खाली गेली, तर पायथ्याच्या शेवंतीने मागचा पत्रा काढून खोली थेट नव्या भिंतीला भिडवलेली. "चौथी भिंत फुकट मिळाली ना ताई," ती हसत म्हणाली. लेकीचा पाळणाही भिंतीलगतच. मातीतलं पाणी निघून जायला ठेवलेली भोकं तिने चिंध्या कोंबून बुजवली होती. घरात ओल यायची म्हणे.

रुचिराने द्रोण खाली ठेवला आणि एकेक चिंधी उपसायला घेतली. गढूळ पाणी लादीवर पसरलं. शेवंतीचं हसू विरलं.

"खरं सांगा ताई, कच्ची आहे का भिंत? तसं असेल तर मी पोरीला घेऊन आईकडे जाते, चारकोपला."

खरं सांगितलं तर पुन्हा खणणं आलं. वरून मामा तिला जेवायला हाका मारत होता.

"पक्की आहे," रुचिरा म्हणाली. "फक्त भोकं बुजवू नकोस."