परवान्यावरचा चेहरा

रामलिंगराव जाऊन पंधरा दिवस झाले तेव्हा मणी कंडक्टर त्यांचं सामान घेऊन कुंभकोणाजवळच्या मेलकावेरीला आला. सामान म्हणजे काय, बसच्या सीटखाली राहिलेला पितळी डबा, एक कंगवा, चष्म्याचं घर आणि खाकी कापडाची एक थैली. थैली रिकामी होती. त्यांच्या मुलीनं, गोदानं ती उलटी करून पाहिली, तेव्हा मणी ओशाळून म्हणाला की आतला परवाना आणि छातीवरचा बिल्ला कंपनीनं काढून घेतला. ड्रायव्हर वारला की दोन्ही सरकारात जमा करावी लागतात. मग चप्पल पायात सरकवताना, नुसतं काही बोलायचं म्हणून, तो म्हणाला की परवान्यावरचा अण्णांचा फोटो फार चांगला होता.

गोदा दारातच उभी राहिली. आई मागच्या अंगणात होती, तिनं ऐकलं नसावं.

त्या घरात फोटो नव्हता. कुणाचाच नव्हता. गोदाच्या आधीचा भाऊ नटराज तीन वर्षांचा असताना कुणा पाहुण्याच्या हौसेखातर त्याला स्टुडिओत नेऊन खुर्चीवर उभं केलं होतं. त्यानंतर एकोणिसाव्या दिवशी तो तापानं गेला. आईनं, मीनाक्षीबाईंनी, तो फोटो स्वतःच्या हातानं कावेरीत सोडला आणि सांगितलं की यापुढे या घरातलं कुणी त्या यंत्रासमोर बसणार नाही. पुढं कधी कुणी बसलंही नाही. गोदाच्या शाळेत दर वर्षी शिक्षिकांचा फोटो निघे, तेव्हा ती वाचनालयाच्या खोलीत पुस्तकांना कागद घालत बसे. आता तिचं वय एकोणतीस होतं, लग्न झालं नव्हतं आणि त्याविषयी घरातलं बोलणंही थांबलं होतं. तरी तो नियम तिनं मोडला नव्हता.

आणि अप्पांनी, तिच्या वडिलांनीच, मोडला होता.

तिला राग आला नाही. वेगळंच काही झालं. गेले काही दिवस ती ज्याला भीत होती ते तिला एकदम स्पष्ट दिसलं. अप्पांचा चेहरा तिच्या हातून निसटत होता. लहानपणापासून ती त्यांच्या बसनं गेली ती त्यांच्या पाठीमागे बसून. कुंभकोणाहून तिरुवलंचुळी, तिथून पुढं तंजावर. त्यांची मान तिला पाठ होती. कॉलरच्या वरची घामाची रेघ, डाव्या कानामागचा तीळ, वळण आलं की किंचित कलणारं डोकं. अखेरच्या दिवशीसुद्धा त्यांनी गाडी स्टँडवर लावली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर कपाळ टेकलं. उतारूंना वाटलं, दमले असतील. म्हणजे शेवटी ज्यांनी त्यांना पाहिलं त्यांनीही मानच पाहिली. डोळे मिटून अप्पांना समोरून आठवायचं म्हटलं की गोदाला मिशा दिसत, चष्मा दिसे, पण ते सगळं मिळून माणूस होत नसे.

तिनं तो फोटो मिळवायचं ठरवलं. आईला सांगायचं नाही, हेही ठरवलं.

मोटार इन्स्पेक्टर तंजावरहून महिन्यातून दोनदा, बुधवारी, कुंभकोणाला येई आणि प्रवासी बंगल्याच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसे. त्याच्यापेक्षा महत्त्वाचा होता त्याचा कारकून गुरुमूर्ति, कारण पत्र्याची पेटी त्याच्या ताब्यात असे आणि सगळ्यांचे परवाने त्या पेटीत असत. गोदा अर्ध्या दिवसाची रजा काढून पहिल्या बुधवारी गेली. नवे परवाने मागणारी पोरं, नूतनीकरणाला आलेले लॉरीवाले, डोळे तपासून घेतल्याचा कागद विसरलेला एक म्हातारा, या सगळ्यांच्या मागे ती एकटी बाई. तिची पाळी आली तेव्हा दीड वाजला होता.

गुरुमूर्तिनं तिचं ऐकून घेतलं. तो उद्धट नव्हता, थकलेला होता. त्यानं तमिळमधून तिला समजावलं की परवाना ज्याचा त्यालाच देता येतो, आणि तो आता नाही. वारसानं लेखी मागणी केली तर रद्द करून परत देता येईल, पण आधी तो माणूस मेला आहे हे दप्तराला कळायला हवं.

"कंपनीनं कळवलं आहे ना?" गोदा म्हणाली.

"कंपनीनं परवाना पाठवलाय, अम्मा. मरण पाठवलेलं नाही." त्यानं पेटीचं झाकण लावलं. "आमच्या हिशेबी तुमचे वडील येत्या एकतीस मार्चपर्यंत गाडी चालवतायत."

मागच्या लॉरीवाल्याला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. गोदालाही जवळजवळ आलं होतं.

मग नगरपालिका. तिथं मृत्यूची नोंद होती, पण नक्कल देणारा माणूस सोमवारी आणि गुरुवारीच बसे, आणि त्या सोमवारी थाई पोंगलची, म्हणजे संक्रांतीची, सुट्टी. नक्कल मिळाली तोवर दुसरा बुधवार येऊन ठेपला. गुरुमूर्तिनं ती वाचली, ठीक आहे म्हणाला, आणि विचारलं की तुम्ही त्यांची मुलगी आहात हे कशावरून. गोदानं शाळेचा दाखला पुढं केला. त्यावर पित्याचं नाव होतं, ते त्यानंही मान्य केलं. पण पित्याला आणखी कोण कोण आहे हे दाखल्यावर नव्हतं. वारसाचा दाखला तालुका कचेरीतून तहसीलदाराच्या सहीनं आणावा लागेल.

तालुका कचेरीत तिला पाच खेपा पडल्या. एकदा अर्जावर कोर्ट फीचा स्टॅम्प कमी होता, एकदा तहसीलदार पट्टीश्वरमला पिकं बघायला गेले होते. मग घरी चौकशीला माणूस येणार म्हणाले. तो आईसमोर येऊन काय काय बोलेल या धास्तीनं गोदानं त्याला शेजारच्या व्यंकोबांच्या ओट्यावरच गाठलं. व्यंकोबा अप्पांच्या बरोबरीचे, विठ्ठलाच्या भजनात दोघं शेजारी बसत. त्यांनी साक्षीदार म्हणून सही केली, कॉफी मागवली, आणि चौकशीवाला गेल्यावर तिच्याकडे न बघता म्हणाले, "हे कागद वहिनींना ठाऊक आहेत काय?"

गोदानं नाही अशी मान हलवली. त्यांनी कॉफीचा पेला तिच्यापुढं सरकवला.

या सगळ्या दिवसांत शाळा चालूच होती. ती वह्या तपासायची आणि तपासलेलं विसरायची. रात्रीच्या जेवणाला आई आणि ती समोरासमोर बसत, मोजकं बोलत. अप्पांचा एक खाकी सदरा ते अंगावर घालून गेले होते. दुसरा न्हाणीजवळच्या खुंटीवर होता तसा होता. त्याला दोघींपैकी कुणीच हात लावला नव्हता.

चौथ्या बुधवारी तिच्या हातात सगळे कागद होते. गुरुमूर्तिनं ते एकाखाली एक लावले, टाचणी मारली आणि वारसाचा दाखला दुसऱ्यांदा वाचला.

"पहिल्या वारस मीनाक्षीबाई. या कोण?"

"माझी आई."

"आहेत ना?"

"आहेत."

"मग मागणी त्यांची हवी. सही इन्स्पेक्टरांसमोर. तुम्ही दुसऱ्या, अम्मा." आणि तिचा चेहरा पाहून तो जरा मऊ आवाजात म्हणाला की येत्या खेपेला रांगेत उभं करणार नाही, वयस्कर बाईंना आधी घेऊ.

ती घरी चालत गेली. पुलावर थांबली. नदीत पाणी कमी होतं, मधल्या वाळूवर कुणीतरी धोतरं वाळत घातली होती. हे सगळं इथंच सोडून द्यावं, असं तिच्या मनात आलं. जवळजवळ तीस वर्षं जी बाई एका गोष्टीला घट्ट धरून जगली, तिला जाऊन सांगायचं की ज्यांच्यासाठी धरलं त्यांनीच ती केव्हाच सोडली होती. आणि कशासाठी, तर आपल्याला चेहरा आठवत नाही म्हणून.

मीनाक्षीबाई स्वयंपाकघरात चिंच कोळत होत्या. गोदा उंबऱ्यावर बसली आणि तिनं सांगितलं. एकोणचाळीस सालच्या मोटार कायद्यानंतर पगारी ड्रायव्हरच्या परवान्यावर फोटो लागायला लागला, तेव्हा अप्पांचा नाइलाज होता. तुला भीती वाटेल म्हणून बोलले नसतील. तो परवाना आता मिळेल, पण तुझी सही लागते. शाळेत अवघड धडा शिकवताना लागतो तसा तिचा आवाज सपाट लागला होता.

आईचा हात थांबला नाही. चोथा पिळून तिनं बाजूला टाकला.

"शनवारी शनवारी सदरा कोण धूत होतं?" ती म्हणाली.

तिनं चिंचेचा आणखी एक गोळा घेतला.

"धुवायच्या आधी खिसा कोण रिकामा करत होतं? तू?"

मग तिनं थोडं थोडं करून सांगितलं, मधे उठून भांडं चुलीवर ठेवलं, पुन्हा बसली. पहिल्यांदा थैलीतून ते परवान्याचं पुस्तक निघालं आणि उघडल्यावर आत यांचा फोटो दिसला. त्या दिवसापासून ती एक एक दिवस मोजीत राहिली. एकोणीस झाले. चाळीस झाले. ते रोज सकाळी गाडी घेऊन जात आणि रोज परत येत. पुढं तिनं दिवस मोजणं सोडलं, पण शनवारी थैली उघडून बघणं काही सुटलं नाही.

"अप्पांना कधी सांगितलं नाहीस?"

"त्यांनी मजला न सांगता इतकी वर्षं जपलं होतं," आई म्हणाली. "मी सांगितलं असतं तर ते ओशाळले असते. मीच परत खिशात ठेवून देत होते." तिनं चिंचेचं पाणी भांड्यात ओतलं. "कुठं यायचं सहीला?"

पाचव्या बुधवारी दोघी गेल्या. मीनाक्षीबाईंनी नऊवारी नेसली होती, कपाळ मोकळं होतं, आणि व्हरांड्यातले लॉरीवाले न सांगता बाजूला झाले. गुरुमूर्तिनं शब्द पाळला. इन्स्पेक्टरानं कागद वर खाली केले आणि सहीची जागा दाखवली. तिनं टाक घेतला आणि लहानपणी वडिलांनी शिकवलेल्या मोडीत, एका ओढीनं, नाव लिहिलं. इन्स्पेक्टरानं कागद आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला.

"हे काय आहे?"

"नाव आहे," गोदा म्हणाली.

"इथं हे कुणाला वाचता येणार?" त्यानं सही तशीच राहू दिली, पण शेजारी अंगठाही घ्यायला लावला. मीनाक्षीबाईंनी शाईचा अंगठा पदराला न पुसता तसाच वर धरून ठेवला.

मग पेटी उघडली. परवाना लहानशा पुस्तकासारखा होता, कोपरे झिजून गोल झालेले. गुरुमूर्तिनं तो टेबलावर उघडला आणि गोदानं वाकून पाहिलं. बेचाळीस वर्षांचा एक माणूस, केस चापून बसवलेले, गळाबंद कोट, चष्मा नाही. तो कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. त्याचे डोळे थोडे बाजूला, दाराकडे असावेत तसे, कुणी आत येतंय की काय याकडे लागलेले. क्षणभर गोदाला वाटलं, दुसऱ्याच कुणाचा परवाना काढलाय. दोन महिने ती या चेहऱ्यासाठी हिंडली होती आणि हा चेहरा तिनं कधी पाहिलेलाच नव्हता.

"कोट व्यंकोबाचा," आई शेजारून म्हणाली. "गुंडी मीच लावून दिली होती. भजनाला घालायचा म्हणाले होते."

इन्स्पेक्टरानं रद्द केल्याचा शिक्का उचलला. पद्धत फोटोवर आडवा मारायची होती. गोदा काही बोलणार तोच मीनाक्षीबाईंनी शाईचा अंगठा पुढं करून पानाची खालची बाजू दाखवली, जिथं कोणत्या प्रकारची गाडी चालवता येईल ते लिहिलं होतं.

"तिथं मारा," त्या तमिळमधून म्हणाल्या. "गाडी रद्द झालीय. ते नाही."

इन्स्पेक्टरानं गुरुमूर्तिकडे पाहिलं. गुरुमूर्ति टाचण्यांच्या डबीत काहीतरी शोधत होता. शिक्का खाली मारला गेला.

वाटेत गोदानं आईला सांगितलं की मोठ्या रस्त्यावरच्या स्टुडिओवाल्याशी तिनं बोलून ठेवलं आहे. यावरून मोठा फोटो करता येतो, चौकट लावता येते, तो गुरुवारपर्यंत आणून द्या म्हणाला आहे. आईनं पदर डोक्यावर नीट घेतला. मग म्हणाली, भिंतीवर लावला की हार घालावा लागेल.

एवढंच. नको असं ती म्हणाली नाही. गोदानं परवाना स्वतःच्या पिशवीत ठेवला. गुरुवारी शाळा सुटल्यावर ती मोठ्या रस्त्यापर्यंत गेली, स्टुडिओच्या काचेत लावलेली नवरानवरींची चित्रं बघत उभी राहिली आणि परत आली. घरी आल्यावर तिनं तो खाकी थैलीत घातला आणि थैली खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात. आईला तिनं काही सांगितलं नाही.

शनिवारी ती मागच्या पडवीत वह्या घेऊन बसली होती. मीनाक्षीबाई न्हाणीपाशी आल्या, खुंटीवरून सदरा काढला आणि सवयीनं खिशात हात घातला. थैली हाताला लागली तसा हात जरा थांबला. त्यांनी परवाना काढून उघडला, पाहिला, आणि उघडाच कट्ट्यावर कोरड्या जागी ठेवला. वाऱ्यानं मिटू नये म्हणून त्यावर साबणाची वडी ठेवली, फोटो झाकणार नाही अशी. मग दगडावर सदरा आपटायला लागल्या.

गोदानं वह्या खाली ठेवल्या आणि कट्ट्याशी जाऊन बसली. सदरा पिळून दोरीवर जाईपर्यंत ती समोरून बघत होती. दाराकडे लागलेले डोळे, चापून बसवलेले केस. कानामागचा तीळ यात दिसत नव्हता, पण कुठं असेल ते तिला माहीत होतं.