बाबांचं ‘बघू’

“अहो, उंटाच्या कुबडाचं काय करतात?” आईने विचारलं.

बाबा आरशासमोर दाढी करत होते. वस्तरा गालापासून दूर धरून म्हणाले, “तो मान पाहुण्यांचा. माझ्या वाट्याला पाय. जन्मभर वाळवंट तुडवलेला.”

आई हसली. रविवारची सकाळ होती. मी त्यांच्या पांढऱ्या कोटाला इस्त्री करत होते.

बाबा एका मोठ्या हॉटेलात आचारी होते. महिन्यातल्या एका रविवारी दुपारी तिथे खवय्यांचं मंडळ जमायचं आणि जगातल्या कुठल्यातरी प्राण्याचं मांस चाखायचं. मगर, शहामृग, कांगारू, अजगर. आमच्यापर्यंत पोचायचे ते बाबांचे शेरे. शहामृग कसा लागला? “इतका पळाला, शेवटी सापडला. त्याचा राग मांसात उतरलाय.” आणि मगर? “माशाला कोंबडी व्हायचं होतं. जमलं नाही.”

मालकांनी तिथे एक प्रथा पाडली होती. पदार्थ टेबलावर आला की पहिला घास आचाऱ्याने खायचा, सगळ्यांच्या समोर. बाबा घास तोंडात घालत, डोळे मिटत, थोड्या वेळाने मान हलवत. मग टाळ्या पडत आणि मंडळी काटे-चमचे उचलत. सगळे त्यांना मामा म्हणत. एकाही भाच्याला आमचं घर ठाऊक नव्हतं.

घरी आले की बाबा सरळ बाथरूममध्ये जात. आई बाहेरच्या बेसिनचा नळ मोठा सोडायची, मला ऐकू जाऊ नये म्हणून. मी लहान होते तेव्हाही सोडायची आणि माझे केस पिकायला लागल्यावरही. एकदा मी बाबांना विचारलं, इतकी वर्षं मांस शिजवता, मग हे का? ते म्हणाले, “शिजवणं माझं काम आहे, त्यात काही वाटत नाही. पण तोंडात घातलं की तो प्राणी माझ्याकडे बघत उभा राहतो. आणि गंमत म्हणजे, मी खरी मगर कधी पाहिलेली नाही गं.”

बाबांना नाही म्हणता येत नसे. नको असलं की ते ‘बघू’ म्हणत. घरात या शब्दाचा अर्थ सगळ्यांना पाठ होता. काकाने एकदा विचारलं, थोडे दिवस तुमच्याकडे राहायला येऊ का? बाबा ‘बघू’ म्हणाले आणि आईने खाली काढलेली गादी गुपचूप परत माळ्यावर टाकली. काकासुद्धा समजला. त्याने पुन्हा विषय काढला नाही.

त्या सकाळी मालकांचा फोन आला. बाबांच्या हाताला फेस होता, म्हणून मी स्पीकर लावला.

“मामा, आज उंट! लांबून पाहुणे आलेत खास.”

“साहेब, सांगितलं होतं ना, मूत्रपिंडामुळे डॉक्टरांनी मांस बंद केलंय. शिजवतो मी. पण ते घासाचं...”

“अहो, एवढासा घास! औषध म्हणून घ्या. तुमच्याशिवाय रंग नाही भरत.”

बाबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. “बघू,” ते म्हणाले.

“वा! ठरलं मग!”

फोन बंद झाला. मी म्हणाले, “मी सांगते त्यांना. आत्ता लावते फोन.”

“तू काही बोलायचं नाहीस.”

“का पण?”

“कामाच्या जागी घरचं माणूस बोललं की माणूस लहान होतो.” त्यांनी तोंड धुतलं, कोट घातला. “कॉलर छान बसलीय हं,” म्हणाले आणि गेले.

दुपार कलता कलता परत आले. आईने नळ सोडला. रात्री ते लवकर झोपले आणि सकाळी उठलेच नाहीत.

डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं. एका घासाने असं होत नाही. मीही तसं म्हणत नाही.

पुढच्या महिन्यात मालक पत्ता शोधत घरी आले. मंडळाने मामांच्या स्मरणार्थ जेवण ठेवलं होतं. आई म्हणाली, “एवढं मनापासून बोलावतायत. जाऊन येऊ.”

हॉटेलच्या दालनात फुलांच्या मध्ये बाबांचा मोठा फोटो होता. तोंडात काटा, डोळे मिटलेले. माझ्या शेजारी मंडळातले दाताचे डॉक्टर बसले होते. ते म्हणाले, “काय आवड होती हो मामांना! बघा, कशी समाधी लागलीय.”

मग मालक बोलायला उठले. “शेवटच्या दिवशी मी स्वतः म्हटलं, मामा, तब्येत बरी नसेल तर राहू दे घास. तर काय म्हणाले? बघू! अहो, काय उत्साह! असा रसिक माणूस पुन्हा होणे नाही.”

लोक हळहळले. कुणीतरी डोळे पुसले. बाबांनी जन्मभर जे कसंबसं गिळलं, ते हे लोक आता त्यांच्या नावावर कायमचं चढवत होते.

वेटरने माझ्यासमोर बशी ठेवली. याकचं मांस, वर कसलंसं पान. मालक हसून म्हणाले, “आजपासून पहिला घास लेकीचा. मामांची गादी तीच चालवणार!”

टाळ्या सुरू झाल्या. टेबलाखाली आईने माझा गुडघा दाबला. मी तिच्याकडे पाहिलं. ती फोटोकडे बघत होती. मग तिने हात काढून घेतला.

मी उभी राहिले.

“माझ्या वडिलांना हे आवडत नव्हतं.”

कुणीतरी हसलं, थट्टा समजून.

“डोळे मिटायचे ते घास खाली उतरेपर्यंत. घरी येऊन ओकायचे. दर वेळी.”

दाताच्या डॉक्टरांनी काटा खाली ठेवला. मालक घाईने माझ्याकडे आले आणि आवाज उतरवून म्हणाले, “अगं, दुःखात आहेस, समजतं मला. पण मामा स्वतः कधी काही बोलले का? एकदा तरी?”

“बोलले. नाही म्हणाले,” मी म्हणाले, शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात. “माझे बाबा तुम्हाला नाही म्हणत होते, साहेब. पहिल्या दिवसापासून नाहीच म्हणत होते.”