दुमडीतला हिरवा

शालिग्रामला सुरतेतल्या डिंडोलीत सगळे मास्तर म्हणत, आणि नव्या माणसाला वाटे हा शाळेत शिकवतो. कसलं शिकवणं! पांडेसऱ्याच्या एका डाइंग मिलमध्ये तो रंगाचा मास्तर होता. कोणी कापडाचा एवढासा तुकडा पुढे टाकावा, आणि याने डोळे बारीक करून सांगावं, पिवळा इतका, निळा इतका, वर काळ्याची चिमूट. बावीस वर्षांत त्याची एकही शेड चुकली म्हणून परत आली नव्हती, आणि हे तो दिवसातून दोनदा तरी ऐकवत असे.

शहाण्णव सालच्या पावसाळ्यात मिलमध्ये मुंबईहून अविनाश नावाचा माणूस आला. एकाहत्तरच्या युद्धात एका वाळवंटी चौकीवर खरीखुरी लढाई झाली होती, तिच्यावर सिनेमा निघत होता. त्यातल्या सैनिकांचे कपडे शिवून घ्यायचं काम या अविनाशकडे. चहा पिता पिता त्याने सिनेमाच्या पोटातलं सगळं ओकून टाकलं. रणगाडे म्हणे प्लायवूडचे, ट्रकवर खिळे मारून बसवलेले. फौज चाळीस माणसांची. तीच चाळीस कॅमेऱ्यामागून वळसा घालून पुन्हा पुढून धावायची, की झाले दोनशे! मग त्याने मासिकातलं एक चित्र टेबलावर टाकलं. "असा हिरवा द्या, मास्तर. थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल."

शालिग्रामचं डोकंच फिरलं. "इकडेतिकडे? अहो, त्या चौकीवर माझा सख्खा भाऊ गेलाय. धुडकू. त्याचा शर्ट आहे माझ्या घरी. तोच रंग देतो तुम्हाला!"

बोलून गेला आणि मग जीभ चावली. शर्ट घरात होता हे खरं, पण तो होता सुभद्राबाईच्या ताब्यात. सुभद्राबाई म्हणजे त्याची आई, सत्तरी ओलांडलेली. धुडकू गेल्यावर पलटणीतून एक पत्र्याची पेटी आली होती, तिच्यात हा शर्ट. म्हातारी खानदेशातून सुरतेला आली तीच मुळी पेटी मांडीवर घेऊन. दर आखाजीला, पितरांसाठी घागर भरतात त्या अक्षय्य तृतीयेला, ती शर्ट बाहेर काढायची, साबण लावून धुवायची, कडक उन्हात वाळवायची आणि घडी करून घागरीशेजारी ठेवायची. "पोऱ्या इतला दूरतून घर येस," ती म्हणायची, "मयका कपडा कसा ठेवू त्याना?"

अशा पंचवीस आखाज्या झाल्या होत्या.

"फक्त दाखवून आणतो," असं सांगून शालिग्रामने शर्ट मागितला. म्हातारीने आधी बटणं मोजली. "कातर लावशी तर देख!" याने गळ्याला हात लावून शपथ घेतली.

पण लॅबमध्ये तुकडा लागतोच. नुसत्या नजरेवर शेड कोण पास करणार? शालिग्राम अर्धा दिवस शर्टाभोवती घिरट्या घालत राहिला. शेवटी त्याने विचार केला, खालच्या दुमडीच्या आतला नखाएवढा तुकडा गेला तर कोणाला दिसणार? त्याने चार टाके उसवले, दुमड उलगडली आणि त्याचा हात तिथेच थांबला.

आतलं कापड वेगळंच होतं. दाट, काळपट हिरवं. बाहेरचा शर्ट त्याच्यापुढे वाळत चाललेल्या पाल्यासारखा फिका दिसत होता. तो धावत खिडकीपाशी गेला, उजेडात धरून पाहिलं. तेच. रंगाच्या मास्तराला हे इतकी वर्षं कळू नये? नाही कळलं. घरातल्या माणसाचे केस कधी पिकले, ते रोज बघणाऱ्याला कुठे कळतं! जो रंग तो भावाचा म्हणून बघत आला होता, तो नुसता उरलेला रंग होता. बाकीचा आईनेच साबण लावून लावून... पुढचा विचार त्याने मनात येऊच दिला नाही. नखाएवढा तुकडा कापला, दुमड आपल्या हाताने शिवली आणि शर्ट घरी नेऊन दिला. शेड मात्र आतल्या तुकड्याची काढली. खरी ती खरी.

सिनेमा पुढच्या एप्रिलात लागला. आठवड्याभरात एका पेपरात निवृत्त सुभेदाराने त्यातल्या चुकांची यादीच छापली. आकाशात दिसलेल्या जातीचं हेलिकॉप्टर त्या काळी फौजेत नव्हतंच. एका शिपायाच्या मनगटावर काट्यांऐवजी नुसत्या आकड्यांचं घड्याळ. मेलेला जवान मुंगी चावली म्हणून पाय आखडून घेतो. आणि अगदी शेवटी एक ओळ होती: गणवेशाचा रंग मात्र तंतोतंत. झालं! शालिग्रामने ते कात्रण खिशात घातलं आणि पानाच्या टपरीपासून मिलच्या फाटकापर्यंत सगळ्यांना वाचून दाखवलं. रविवारी बाराच्या खेळाला आई, बायको सुषमा आणि मिलमधली चार माणसं घेऊन तो थिएटरात जाऊन बसला.

बसला म्हणायचं एवढंच. पडद्यावर काय चाललंय इकडे त्याचं लक्षच नव्हतं, तो बघत होता आईच्या तोंडाकडे. चौकीवरची पोरं हिरव्या शर्टांत रांगेने उभी राहिली तशी म्हातारी पुढे झुकली.

"हाऊ रंग खोटा शे!" ती मोठ्यांदा म्हणाली. "मना धुडकूना असा नव्हता!"

अख्खी रांग वळून बघायला लागली. मशीन चालवणारा सुपडू खो खो हसला. "आयला मास्तर, घरूनच शेड परत आली की!"

शालिग्रामचा हात खिशातल्या कात्रणावर गेला. सुभेदाराने लिहिलंय, छापून आलंय, वाचून दाखवलं की सुपडूचं तोंड बंद. पण मग आई विचारणार, सिनेमातला रंग खरा, तर आपल्या पेटीतला फिका का? त्याला उत्तर एकच होतं. त्याने हात रिकामाच बाहेर काढला.

"हो माय," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "शेड चुकली. चुकलं माझं."

पुढचे तीन आठवडे मिलमध्ये त्याला कोणी सोडलं नाही. "मास्तर, आजचा रंग खरा का खोटा?" ते त्याने गिळलं. झोप उडाली होती ती दुसऱ्याच कारणाने. आखाजी जवळ येत होती. आई पुन्हा शर्ट धुणार, आणि आता त्याला माहीत होतं काय वाहून जातंय ते. सांगावं तर म्हातारीच्या काळजाला घरं पडणार. न सांगावं तर उरलाय तोही जाणार.

आखाजीच्या सकाळी बादली भरली, साबण निघाला, पेटी उघडली. शालिग्राम दारातून आत, आतून दारात करत होता. शेवटी त्याच्याने राहवलं नाही.

"माय, यंदा नको धूस."

"कसाले?"

"बोअरचं पाणी... खारट आहे."

सुभद्राबाईने साबण खाली ठेवला. मग शर्टाची खालची कड उलटून त्याच्यापुढे धरली. त्याचेच वेडेवाकडे टाके.

"मी काय आंधयी शे का? सिनेमा देखीसन उनू नि पेटी उघाडी. तुनी शिवण माले वयखू येत नही?" तिने टाक्यांच्या फटीत बोट घातलं. "मझारला रंग देखा मी. पंचवीस साल मीच धुई टाका त्याले. चूक मनी व्हती, तू समदासमोर आपली कसाले सांगी?"

शालिग्रामला हुंदका फुटला. चाळिशीचा बाप्या, बायकोदेखत रडला आणि त्याला त्याची लाजही वाटली नाही.

म्हातारीने बादलीतलं पाणी दारच्या निंबाला ओतून टाकलं. मग कातर त्याच्या हातात दिली. "उसव आखी."

त्याने सगळी दुमड उसवली. शर्ट बोटभर लांब झाला आणि खाली काळपट हिरवी पट्टी उलगडली, एका जागी नखाएवढी कापलेली. सुभद्राबाईने न धुतलेला शर्ट घागरीशेजारी मांडला आणि त्या पट्टीवर हात ठेवून बसून राहिली.

"तो सिनेमा चालू शे का अजून?" तिने विचारलं.

"आहे, माय."

"मग जेवणं झायात का तीनना खेयले लई चाल माले. त्या दिनले मी पोऱ्याले वयखंच नही."