खाली घेतलेला आवाज

स्टुडिओतल्या तंत्रज्ञ मुलीनं भट्टीतून फितीचं रीळ बाहेर काढलं, तळहातावर धरून निवल्याची खात्री केली आणि यंत्रावर चढवलं. जुन्या फिती ओल धरतात, चिकट होतात. आठ तास मंद आचेवर शेकल्या की चार-दोनदा वाजण्याइतक्या शहाण्या होतात, असं तिनं समजावलं.

"काही माणसांवरही करून बघायला हवं," ताई म्हणाली.

तिचा धाकटा भाऊ हसला, पण जरा उशिरा. ताई येईल हे त्यानं धरलंच नव्हतं. तिचं कपडे धुऊन-इस्त्री करून देण्याचं दुकान. कामाच्या दिवशी ते बंद असल्याचं कोणाला आठवत नाही. गिऱ्हाइकं डाग कशाचा ते खरं सांगत नाहीत आणि ती खोदून विचारत नाही. वास घेते, काय ते ओळखते आणि कपडा आत टाकते. आज मात्र दाराला कुलूप घालून ती आली होती आणि काचेच्या खिडकीपाशी पर्स मांडीवर घेऊन बसली होती, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघावी तशी.

तीस वर्षांपूर्वी चौघांनी मिळून एकच तबकडी काढली होती. धाकट्याची गिटार, ताईचं गाणं, बेस आणि ड्रमवर दोन मित्र. गिटारचा आवाज पायाखालच्या पेडलांतून पिळून काढायचा, त्याचे थरावर थर चढवायचे आणि गाणं त्या धुक्यात बुडवून टाकायचं, अशी ती तऱ्हा. पेडलं सांभाळायला मान खाली घालावी लागे, म्हणून वर्तमानपत्रवाल्यांनी अशा सगळ्याच मंडळींना नाव ठेवलं, शूगेझ. आपल्याच बुटांकडे टक लावून वाजवणारे. नाव टिंगलीचं होतं आणि टिकलंही टिंगलीमुळेच. दोन-तीन वर्षांत मान वर करून ओरडणारी गाणी आली आणि मान खाली घालणारे गुपचूप नोकऱ्यांना लागले. पुढे, तेव्हा जन्मही न झालेल्या पोरांनी हे सगळं इंटरनेटवर उकरून काढलं. आता तबकडी नव्यानं निघणार होती, सोबत एक पुस्तिका, आणि पुस्तिकेत धाकट्याचा लेख. लेख संध्याकाळी छपाईला जायचा होता.

लेखात एक वाक्य होतं. ते त्यानं इतक्या ठिकाणी बोलून दाखवलं होतं की घासून गुळगुळीत झालं होतं. गाणारीचा आवाज एवढा खाली घ्यायचं सुचलं कसं, असं कोणी विचारलं की तो सांगे, "ताईचा सूर उतरला होता हो. झाकून घेतला. लोक त्याला शैली म्हणाले." लोक हसत. एकदा ताई दुसऱ्या रांगेत होती. तीही हसली होती. तबकडीनंतर ती गायली नाही. इस्त्री करतानासुद्धा नाही.

खरी गोष्ट अशी, की ध्वनिमुद्रणाच्या दिवशी त्यानं हौसेनं गिटारला नव्या तारा चढवल्या होत्या. नव्या तारा ताणून बसेपर्यंत ढिल्या पडत राहतात हे कोणीही सांगितलं असतं; त्यानं कोणाला विचारलं नव्हतं. बेस आधीच वाजून झाला होता, त्याच्यापेक्षा गिटार कणभर खाली गेली. हे त्याला कळलं ते सगळे घरी गेल्यावर, एकटा बसून सगळे आवाज जुळवताना. ताईचा आवाज वर घेतला की सगळं उघडं पडत होतं. पुन्हा वाजवायला स्टुडिओ मिळणार नव्हता. त्यानं गिटारचे आणखी तीन थर घातले, ताईला त्यांच्याखाली दडपलं, आणि विचारणाऱ्यांना काहीतरी सांगावं लागलं.

"मला हे का आवडतं सांगू का, काका?" फीत पुढे सरकवत मुलगी म्हणाली. "यात कोणी अंगावर येत नाही. आत शिरून बसता येतं. काय झालं म्हणून कोणी विचारत नाही."

त्यानं मान डोलावली. तीस वर्षं तो तिथेच बसून होता.

मुलीनं ताईच्या कानांवर हेडफोन चढवले, दुसरे स्वतःच्या एका कानाला लावले, तिसरे धाकट्याकडे दिले आणि बाकीचे सगळे आवाज बंद करून फक्त ताईचा ठेवला.

कोवळा, न घाबरणारा आवाज. दोन ओळी. मग तिसरी. ताईनं पर्सचा पट्टा बोटाभोवती गुंडाळला. मुलगी पडद्यावर सुराची उंची दाखवणाऱ्या रेषेकडे बघत होती.

"सूर थोडा खाली आहे, मावशी," ती हळूच म्हणाली. "तिसऱ्या ओळीपासून. अगदी कणभर."

"हा सांगतच असतो," ताई म्हणाली.

धाकट्याच्या खांद्यांवरून काहीतरी उतरलं. तीस वर्षं सांगितलेलं खोटं खरं निघालं होतं. असं भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं? त्यानं पाय लांब केले. पाणी मागून घेतलं. ते पिताना ताईच्या हातांकडे त्याचं लक्ष गेलं, वाफेनं कायमचे लाल झालेले, आणि त्यानं पेला खाली ठेवला.

"थांबा हं," मुलगी म्हणाली. तिनं फीत मागे नेली आणि या खेपेला आवाजासोबत गिटारही सोडली.

पहिल्या दोन ओळींत गिटार नव्हती. तिथे ताईचा सूर नेमका, रेषेवर ठेवल्यासारखा. तिसऱ्या ओळीला गिटार आली, ढिली, खाली. आणि तिच्या पाठोपाठ ताईचा सूरही खाली आला. घसरून नव्हे. अंधाऱ्या जिन्यावर लहान भावाचा हात धरून एकेक पायरी उतरावं तसा.

मुलीनं फीत थांबवली. ती एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघू लागली आणि मग शहाणपणानं पडद्याकडे.

"तुला ऐकू येत होतं?" त्यानं विचारलं.

"कानातच वाजत होती ना तुझी गिटार. मी बरोबर गायले असते तर तू उघडा पडला असतास. दोघंही पडलो तर चालून जाईल वाटलं."

"मग नंतर कधी बोलली का नाहीस?"

"तू पहिल्यांदा सांगितलंस ना लोकांना, तेव्हा वाटलं, घरी आल्यावर माझ्याकडे येशील. म्हणशील, ताई, तसं बोलावं लागलं." तिनं पट्टा बोटावरून सोडवला. "मी जेवायची थांबले होते त्या दिवशी. मग म्हटलं उद्या. मग दुकान निघालं."



मुलीनं घसा साफ केला. म्हणाली, संगणकावर दोन्ही सूर जागेवर आणणं मिनिटाचं काम आहे. किंवा दुरुस्ती न करता मावशींचा आवाज वर घेता येईल, पण मग गिटारही कळेल. तुम्ही सांगाल तसं.

"वर घ्या," धाकटा म्हणाला. फार पटकन म्हणाला, दंड भरून सुटका करून घ्यावी तसा. त्याचं त्यालाच ते जाणवलं.

"काही नको," ताई म्हणाली. "पोरांना आवडतंय तसं राहू दे. आवाज खालीच बरा आहे, छोट्या. ते वाक्य तेवढं बदल."

मुलीनं लेख पडद्यावर आणला, ते वाक्य निवडलं आणि पुसलं. रिकाम्या जागेत रेघ लुकलुकत राहिली.

"सांगा काका, मी टाइप करते."

त्यानं दोनदा सुरुवात केली. एकदा 'त्या काळी' असं म्हणून, एकदा 'तांत्रिक कारणांमुळे' असं म्हणून. मुलीची बोटं दोन्ही वेळा हललीच नाहीत.

ताईनं कानांवरचे हेडफोन काढून मांडीवर ठेवले आणि त्याच्याकडे बघत राहिली.